घंटेआधीचा भुंगा

ज्या पिढीने १९९५ नंतरची पंधरा-वीस वर्षे शहरात काढली, तिच्या कानांना एक ध्वनी असा परिचित आहे की ज्याला आपल्या भाषेत अद्याप नाव पडलेले नाही. संध्याकाळची वेळ असावी, टेपरेकॉर्डरवर एखादा यमन नुकता स्थिरावत असावा, आणि एकाएकी स्पीकरमधून ‘टिट्-टिटिट्, टिट्-टिटिट्’ असा तुटक ताल उमटून त्यापाठोपाठ कोंडलेल्या भुंग्यासारखी सलग घरघर सुरू व्हावी. घरातल्या कोणीतरी हातातले काम न सोडता ‘फोन येतोय’ असे म्हणावे, आणि दोन-तीन सेकंदांनी टेबलावरच्या मोबाइलची घंटा खरोखरच वाजावी. मुलांना या भविष्यकथनाचे मोठे कौतुक वाटे आणि गाणे ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांना तितकाच संताप येई. कित्येकांनी आपले यंत्र उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेले, आणि दुकानदाराने ते उघडून, तपासून, पुन्हा बंद करून ‘यात काही दोष नाही’ असा निर्वाळा दिला.

दुकानदाराचे म्हणणे खरे होते. यंत्रात दोष नव्हता आणि फोनमध्येही नव्हता. दोन निर्दोष वस्तू एका टेबलावर आल्या की त्यांच्यामधून हा भुंगा का उठावा, याचे कारण शोधू लागलो तर आपल्याला त्या टेबलापासून फार दूर, युरोपातील टपाल-तार खात्यांच्या बैठकांपर्यंत जावे लागते. कारण ती घरघर म्हणजे १९८७ साली झालेल्या एका निर्णयाचा आवाज होता.

त्या निर्णयापूर्वीचा युरोप दूरध्वनीच्या बाबतीत संस्थानांमध्ये विभागलेला होता. स्कँडिनेव्हियातील देशांनी १९८१ मध्ये आपसांत एकच फिरती दूरध्वनी-पद्धत सुरू केली होती. परंतु ब्रिटनची पद्धत वेगळी, फ्रान्सची वेगळी, पश्चिम जर्मनीची आणखी वेगळी, अशी अवस्था असल्यामुळे मोटारीत बसवलेला फोन घेऊन कोणी सरहद्द ओलांडली की पलीकडच्या मुलखात तो फोन म्हणजे निव्वळ ओझे होऊन बसे. १९८२ मध्ये युरोपीय टपाल-तार प्रशासनांच्या परिषदेने, साऱ्या खंडाला चालेल अशी एकच पद्धत आखण्याची तजवीज करण्यासाठी एक खास मंडळ नेमले. त्याचे फ्रेंच नाव ‘ग्रुप स्पेसियाल मोबील’ असे होते, आणि त्याच नावाची आद्याक्षरे जीएसएम या रूपाने पुढे जगभर गेली. मंडळाची पहिली बैठक त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्टॉकहोम येथे भरली आणि स्वीडनचे थॉमस हाउग यांच्याकडे अध्यक्षपद आले.

मंडळापुढचा मूळ प्रश्न वाटपाचा होता. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा लहरींचा जो पट्टा या कामासाठी राखून ठेवला होता, तो मर्यादित होता आणि बोलू इच्छिणारे असंख्य होते. जुन्या पद्धतीत प्रत्येक बोलणाऱ्याला एक स्वतंत्र वारंवारता तोडून दिली जाई आणि संभाषण संपेपर्यंत ती त्याच्याच ताब्यात राही. त्या फोनमधून निघणाऱ्या लहरीचा जोर बोलणे चालू असेपर्यंत एकसारखा असे, बदलत असे ती केवळ वारंवारता. आणि ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण त्या फोनने शेजारच्या रेडिओला कधी त्रास दिलाच तर तो सुरुवातीला एका ‘टक्’ एवढाच असे. नव्या पद्धतीत आवाजाचे अंकांत रूपांतर व्हायचे होते. अंकांना एक सोय असते, ती अशी की त्यांची गाठोडी बांधता येतात, आणि गाठोडे क्षणभर थांबवून मग भरकन पाठवता येते. तेव्हा एकाच वारंवारतेवर अनेकांना बसवून प्रत्येकाला आळीपाळीने क्षणमात्र बोलू द्यावे, अशी कल्पना पुढे आली. वाढप्याने पंगतीत एकेकाच्या पानात घास वाढीत जावे आणि शेवटच्या पानावरून पुन्हा पहिल्याकडे इतक्या त्वरेने वळावे की कोणालाही आपले पान रिकामे राहिल्याची जाणीव होऊ नये, तसाच हा प्रकार होता.

१९८६ मध्ये पॅरिस येथे आठ प्रायोगिक यंत्रणांची परीक्षा झाली. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी या दोन बलाढ्य देशांचा कल रुंद पट्ट्याच्या यंत्रणेकडे होता, तर परीक्षेत सरस ठरलेल्या यंत्रणांपैकी एक नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या प्रयोगशाळेतून टोर्लाइव मासेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणलेली अरुंद पट्ट्याची होती. फेब्रुवारी १९८७ मध्ये पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर मंडळ निर्णयासाठी जमले, तेव्हा तेरा प्रशासने अरुंद पट्ट्याच्या बाजूने उभी राहिली आणि फ्रान्स व जर्मनी तेवढे आपल्या हट्टावर कायम राहिले. असे पेच अभियंत्यांच्या बैठकीत सुटत नाहीत, ते मंत्र्यांच्या दालनात सुटतात; त्याप्रमाणे मे महिन्यात बॉन येथे चार मोठ्या देशांच्या मंत्र्यांनी अरुंद पट्ट्याला मंजुरी दिली, आणि ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगन येथे तेरा देशांतील दूरध्वनी-चालकांनी करारनाम्यावर सह्या केल्या. वाद झाला तो पट्ट्याच्या रुंदीवरून, देशांच्या प्रतिष्ठेवरून आणि कारखान्यांच्या हितावरून. त्या पद्धतीचा ध्वनी काय असेल, हा प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी कुठेच नव्हता.

पण ध्वनी होता, आणि तो करारनाम्याच्या अंकगणितातच लपलेला होता. पंगत आठ जणांची ठरली. प्रत्येकाच्या वाट्याला ५७७ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या अर्ध्याहून थोडा अधिक, एवढा काळ आला आणि आठांचा एक फेरा ४.६१५ मिलिसेकंदांत पुरा होऊ लागला. याचा अर्थ असा की बोलणाऱ्याचा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा जागा होतो, पूर्ण जोराने एक स्पंद आकाशात फेकतो आणि पुन्हा गप्प होतो. आता सेकंदाला २१७ हा वेग मनुष्याच्या कानाला अगदी ओळखीचा आहे. हार्मोनियमवरची पांढरी सहा घेतली, तर तिच्या २२० कंपनांच्या स्वराहून हा आकडा किंचित उतरलेला निघतो. कित्येक गायिकांचा षड्ज त्याच्या अवतीभवतीच लागत असेल. परंतु स्वर तोच असला तरी गोडवा तो नव्हे. फेऱ्याच्या आठव्या हिश्शात उसळून उरलेला वेळ शून्यावर राहणारा हा स्पंद असल्यामुळे त्याच्या पोटात मूळ स्वराच्या दुपटी-तिपटीची, चौपटी-पाचपटीची कंपने खच्चून भरलेली असतात, आणि त्यांच्यामुळे तो स्वर बासरीचा न राहता भुंग्याचा होतो. शिवाय संभाषण चालू असताना दर सव्वीस फेऱ्यांपैकी एक फेरा रिकामा सोडलेला असतो. त्या खाड्यामुळे त्या घरघरीला सेकंदाला आठ-नऊ हिसक्यांचा कंपही येतो.

येथे वाचकाच्या मनात साहजिकच येईल की मंडळींनी हा वेग कानाच्या मर्यादेबाहेर का ठेवला नाही? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ‘त्यांना सुचले नाही’ एवढ्यावर संपत नाही. फेरा सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा फिरवला असता तर तो कानाला ऐकू आला नसता हे खरे. पण मग एका फेऱ्याला ५० मायक्रोसेकंद आणि प्रत्येक बोलणाऱ्याला जेमतेम ६ मायक्रोसेकंद मिळाले असते. दोन शेजाऱ्यांचे स्पंद एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये जी मोकळी जागा ठेवावी लागते, तीच या पद्धतीत ३० मायक्रोसेकंदांच्या घरात आहे. घास सहाचा आणि घासांमधली उसंत तीसची, असली पंगत कशी उठायची? उलट, फेरा सेकंदाला वीसच्या खाली आणावा, तर गाठोडे बांधून पाठवण्यातच इतका विलंब लागावा की ‘हॅलो’ला उत्तर येईपर्यंत बोलणाऱ्याला संशय यावा. इकडे आड आणि तिकडे विहीर अशा त्या जागेत जो व्यवहार्य वेग सापडला, तो नेमका मनुष्याच्या श्रवणकक्षेत पडला.

तथापि फोनने कितीही स्पंद फेकले तरी ते स्पंद ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींचे असतात, आणि सेकंदाला नव्वद कोटी वेळा हेलकावणाऱ्या लहरीला कोणताही स्पीकर प्रतिसाद देऊ शकत नाही. त्या लहरीतून २१७चा ठोका वेगळा काढून देणारा कोणीतरी फितूर यंत्राच्या आतच असावा लागतो. तो असतो, आणि त्याचे कूळ फार जुने आहे. विद्युत्प्रवाहाला एका दिशेने वाट देणारे आणि उलट दिशेने अडवणारे काही खनिज पदार्थ असतात, ही गोष्ट जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ मध्ये नोंदवली. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन करणारे जगदीशचंद्र बसू यांनी गॅलिना, म्हणजे शिशाच्या खनिजाचा स्फटिक, वापरून विद्युत्-लहरी ओळखणारे उपकरण सिद्ध केले, आणि त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळाले. पुढे अशाच स्फटिकावर सुईसारखी तार टेकवून जगभरच्या हौशी लोकांनी विनाबॅटरीचे रेडिओ ऐकले. लहर येताना वर आणि खाली सारखीच झुलत असते, म्हणून तिची सरासरी शून्य येते. एकदिश पदार्थ तिचा अर्धा भाग छाटतो आणि लहरीच्या जोरातला चढउतार तेवढा मागे उरतो. हेच रेडिओच्या श्रवणाचे मर्म.

विवर्धकाच्या, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या पहिल्या पायरीवर बसलेला ट्रान्झिस्टर हा स्वभावाने याच कुळातला आहे. त्याला क्षीण ध्वनिसंकेत वाढवण्यासाठी नेमलेले असते, परंतु त्याच्या संधीवर जोरदार रेडिओ-लहर येऊन पडली की तो मालकाचे काम करता करता पूर्वजांचा धंदाही करू लागतो आणि त्या लहरीतला चढउतार ध्वनी म्हणून पुढे ढकलतो. जुन्या फोनच्या लहरीत चढउतारच नव्हता, म्हणून त्याला पुढे ढकलण्यासारखे काही मिळत नसे. नव्या फोनने मात्र त्याला सेकंदाला २१७ चढउतार आयतेच आणून दिले. राहिला प्रश्न लहर आत शिरते कशी हा. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर आणि तिची पाव लांबी सुमारे ८ सेंटिमीटर. एवढ्या लांबीच्या तारा म्हणजे घरगुती ध्वनियंत्राचा अर्धा संसारच. टेपच्या डोक्यापासून निघालेली तार, माइकची तार, स्पीकरकडे जाणारी तार, छापील पट्टीवरचा तांब्याचा रस्ता, यांपैकी प्रत्येक जण कोणी न नेमता एरियल होऊन बसतो. कित्येकांना नवल वाटे की आवाजाची कळ पूर्ण बंद केली तरी भुंगा का थांबत नाही; त्याचे कारण असे की लहर त्या कळीच्या पुढच्या पायरीवर, बहुधा स्पीकरच्याच तारेवाटे, मागच्या दाराने आत आलेली असे.

आणि घंटेच्या आधी तो का वाजे? फोनला बोलावणे आले की घंटा वाजवण्यापूर्वी त्याला मनोऱ्याशी बराच शिष्टाचार उरकावा लागतो. ‘मी हजर आहे’ अशी आरोळी द्यायची, ओळख पटवायची, जागा मागून घ्यायची, हा सगळा दप्तरी पत्रव्यवहार चार-चार स्पंदांच्या जुडग्यांनी सेकंदाला साधारण चार वेळा चालतो, आणि तोच तो तुटक ‘टिट्-टिटिट्’. पहिली आरोळी देताना मनोरा किती दूर आहे याचा अंदाज नसल्यामुळे फोन त्या हद्दीत परवानगी असलेला कमाल जोर लावतो. ९०० मेगाहर्ट्झच्या हातातल्या फोनला तो २ वॅटपर्यंत असतो. ओळख झाल्यावर मनोरा त्याला ‘हळू बोल, ऐकू येते’ असा हुकूम देतो आणि मग घरघर ओसरते. फोन कोणी केला नसला तरी ‘मी अजून याच मुलखात आहे’ अशी हजेरी त्याला ठरावीक मुदतीने लावावी लागते. घंटा मुकी केल्याने या हजेरीत खंड पडत नाही. एका शोकसभेत दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याचे आवाहन झाले असता, साऱ्या सभागृहाने आज्ञाधारकपणे मुके केलेल्या फोनांपैकी व्यासपीठावरच्याच कोणाच्या तरी खिशातल्या फोनने माइकमधून आपली हजेरी इतक्या मोठ्याने नोंदवली, की त्या स्तब्धतेतली गांभीर्याची शेवटची काडीही मोडली, हे प्रस्तुत लेखकाने स्वतः पाहिले आहे. मृतात्मा विनोदी वृत्तीचा होता, एवढेच त्यातल्या त्यात समाधान.

पद्धतीचा प्रत्यक्ष अंमल १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये सुरू झाला. त्या दिवशी माजी पंतप्रधान हार्री होल्केरी यांनी हेलसिंकीहून तांपेरेच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांच्याशी पहिले संभाषण केले. १९९२ पासून युरोपात सेवा पसरू लागली आणि तिच्यामागोमाग तक्रारीही येऊ लागल्या. या तक्रारींत संगीत ऐकणाऱ्यांची चिडचिड होती, पण खरी झळ ज्यांना बसली ते श्रवणयंत्र लावणारे बहिरे लोक होते. श्रवणयंत्र म्हणजे माइक, विवर्धक आणि इवलासा स्पीकर यांचा कानामागे दडवलेला संच. आमच्या टेबलावरचा भुंगा तारेतून येऊन खोलीत घुमे, त्यांचा तो थेट कानात शिरे. स्वतःचा फोन कानाला लावणे तर त्यांना अशक्यच, पण शेजारच्या आसनावरच्या प्रवाशाने खिशातून फोन काढला तरी यांच्या कानात घरघर सुरू होई. घरच्या माणसाला आपण फोन दूर ठेवायला सांगू शकतो, आगगाडीतल्या परक्या माणसाला कसे सांगणार?

हा प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत कसोशीने तपासणाऱ्या देशांत ऑस्ट्रेलिया होता, आणि त्याला कारणही तसेच होते. त्या देशाच्या सरकारने जुनी, भुंगारहित पद्धत २००० सालापर्यंत बंद करण्याचे ठरवले होते. म्हणजे बहिऱ्या माणसाला चालणारा फोन कायद्यानेच नाहीसा व्हायचा होता. सिडनीच्या राष्ट्रीय ध्वनी-प्रयोगशाळेने १९९५ मध्ये श्रवणयंत्रांवरील या उपद्रवाचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. पुढे तेथे जुन्या पद्धतीच्या जागी, जीएसएमच्या जोडीने, अखंड लहरीची दुसरी एक अंकीय पद्धत आणली गेली, तेव्हा कुठे त्या लोकांना वाट मिळाली. अमेरिकेत १९८८च्या कायद्याने साध्या दूरध्वनींना श्रवणयंत्रांशी जुळते असण्याची सक्ती केली होती, पण फिरत्या फोनांना त्यातून सूट होती. त्यांची संख्या तेव्हा एवढी अल्प की कायदेकारांना ती सूट निरुपद्रवी वाटली असावी. ती आवळायला २००३ साल उजाडले, आणि त्यानंतर फोनांच्या खोक्यांवर श्रवणयंत्रांशी किती जुळते याचे दर्जे छापले जाऊ लागले.

युरोपाने दुसरी वाट धरली. विद्युत्-उपकरणांनी परस्परांना उपद्रव देऊ नये आणि वाजवी उपद्रव सोसण्याची ताकद अंगी बाणवावी, असा आदेश १९८९ मध्ये निघाला होता आणि १ जानेवारी १९९६ पासून तो सक्तीचा झाला. घरगुती उपकरणाने सोसण्याची सर्वसाधारण मर्यादा मीटरला ३ व्होल्ट अशी मानली जाई. आता २ वॅटचा फोन एक मीटर अंतरावर आदर्श परिस्थितीत मीटरला ८ ते १० व्होल्टचे क्षेत्र निर्माण करतो, असे गणिताने निघते. म्हणजे मर्यादेच्या आत राहायचे तर यंत्र आणि फोन यांच्यात जवळजवळ तीन मीटर अंतर हवे. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याने हे अंतर कोठून आणायचे, हे कोणत्याही आदेशात लिहिलेले नव्हते. शिवाय जुन्या चाचण्यांची लहर एकसारखी किंवा मंद चढउताराची असे. सेकंदाला २०० वेळा चालू-बंद होणाऱ्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची चाचणी असलेले युरोपीय पूर्वमानक १९९५ मध्ये आले, म्हणजे फिनलंडमधल्या पहिल्या संभाषणानंतर चार वर्षांनी. नियमांची गाडी वस्तूंच्या मागून धावते हे खरे, पण येथे ती फलाट सुटल्यावर निघाली होती.

याच १९९५ साली हा भुंगा हिंदुस्थानात उतरला. ३१ जुलै रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीच्या संचार भवनात बसलेले दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी पहिले मोबाइल-संभाषण केले. ज्या शहरात नव्वद-शंभर वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने स्फटिकाकडून लहरी ओळखवून घेतल्या, त्याच शहरातून या देशात अशा फोनांचा वावर सुरू व्हावा की ज्यांच्या लहरी घरोघरचे ट्रान्झिस्टर न विचारता ओळखू लागणार होते, हा योगायोग मला मोठा रोचक वाटतो. त्याच वर्षी मुंबईतही सेवा सुरू झाली. प्रारंभी मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात आणि आलेल्या फोनालाही पैसे, त्यामुळे त्या काळात स्पीकर घरघरला की कित्येकांच्या पोटात गोळा येई, तो संगीत बिघडल्यामुळे नव्हे. २००३ मध्ये येणारा फोन विनामूल्य झाला आणि त्यानंतर फोनांची जी लाट आली तिच्याबरोबर भुंगाही घरोघर पोचला.

आपल्याकडे त्याला आसरा भरपूर होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून गल्लीतल्या कारागिराने लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खोक्यात जोडून दिलेले विवर्धक, गणेशोत्सवाच्या मंडपातले लांबच लांब तारांचे माइक, संगणकाशेजारचे स्वस्त स्पीकर, यांपैकी कशालाच लहर अडवणारे धातूचे कवच नसे. ते असण्याचे कारणही नव्हते. ज्या काळात या यंत्रांचे आराखडे ठरले, त्या काळी २ वॅटचा प्रक्षेपक कोणी खिशात घालून दिवाणखान्यात येईल ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात येणे शक्य नव्हते. नाट्यगृहांतून ‘भ्रमणध्वनी बंद ठेवावेत’ ही घोषणा रूढ झाली ती मुख्यतः घंटांच्या भीतीने. पण ध्वनियोजक मंडळी ती विंगेत उभ्या असलेल्या नटांनाही निराळी बजावून सांगत, कारण अंगरख्याआड लावलेला माइक आणि त्याच अंगरख्याच्या खिशातला फोन यांचे वैर त्यांना पुरते ठाऊक झाले होते.

२००२ च्या डिसेंबरात रिलायन्सने सीडीएमए पद्धतीची सेवा सुरू केली, तेव्हा काही घरांत एक नकळत प्रयोगच घडून आला. एकाच टेबलावर दोन प्रकारचे फोन, एक वाजला की स्पीकर भुणभुणे आणि दुसरा वाजला की स्पीकर शांत! त्या दुसऱ्या पद्धतीत पंगतीची आळीपाळी नव्हती. सारे जण एकाच वेळी, परंतु आपापल्या सांकेतिक बोलीत बोलत, आणि म्हणून फोनची लहर जवळजवळ अखंड राहात असे. दोष फोन नावाच्या वस्तूचा नसून तिच्या वाटणी-पद्धतीचा आहे, याचा याहून सोपा दाखला दुसरा नाही.

ज्यांचा धंदाच ध्वनीचा होता त्यांनी आपले घर सावरायला घेतले. १९९५ मध्ये नील मन्सी यांनी ध्वनि-अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात एक निबंध लिहून दाखवून दिले की माइकच्या तारेवरचे कवच यंत्राच्या बाह्य धातूला जोडण्याऐवजी आतल्या छापील पट्टीला जोडण्याची जी वहिवाट पडली होती, तीच उपद्रवाला राजमार्ग मोकळा करून देत होती. रखवालदाराने चोराला पकडून दिवाणखान्यात आणून सोडावे, तशातलाच हा प्रकार. पुढे २००५ मध्ये या जोडणीबद्दल संस्थेने मानकही काढले. लहानसहान उपाय तर पुष्कळ निघाले: तारेवर फेराइटचा मणी, ट्रान्झिस्टरच्या तोंडाशी रेडिओ-लहर जमिनीत जिरवणारा चिमुकला कपॅसिटर, पट्टीवरचे रस्ते आखूड करणे. मौज अशी की या युद्धात फोन बनवणारे स्वतःही सुटले नाहीत. प्रत्येक स्पंदाला फोन आपल्या बॅटरीतून एक-दोन अँपिअरचा झटका ओढत असल्यामुळे त्याच्याच पोटातला वीजपुरवठा सेकंदाला २१७ वेळा दचके आणि त्याच्याच कर्ण्यातून भुंगा ऐकू येई. परिणामी ध्वनीच्या चिपा विकणाऱ्या कंपन्या आपल्या माहितीपत्रकात ‘२१७ हर्ट्झला पुरवठ्यातील उपद्रव किती रोखला जातो’ याचा आकडा स्वतंत्रपणे छापू लागल्या. आणि बाजारात याच स्पंदांवर चालणाऱ्या शोभेच्या वस्तू आल्या. फोनाला चिकटवायच्या, लटकवायच्या, आणि घंटेच्या आधी आपोआप लुकलुकणाऱ्या. उपद्रवाची करमणूक करून विकण्याची व्यापाऱ्यांची हातोटी अशी.

एवढे सारे उपाय झाले, तरी सर्वसामान्य घरातला भुंगा त्यांपैकी कशानेही गेला नाही. तो गेला वाटणीची पद्धत बदलल्याने. तिसऱ्या पिढीच्या फोनांची लहर अखंड चालू लागली आणि तिचा कमाल जोर पाव वॅटच्या आसपास आला. चौथ्या पिढीत तो आणखी खाली, ०.२ वॅटवर, म्हणजे जुन्या कमाल जोराच्या दहाव्या हिश्शावर उतरला. ही स्थित्यंतरे घडवणाऱ्यांच्या मनात वेगवान इंटरनेट होते. कोणाचा यमन वाचवायचा हेतू त्यात नव्हता. आपल्याकडे हा निरोप लांबला, कारण कित्येक वर्षे फोन इंटरनेटसाठी नव्या पद्धतीवर राही आणि संभाषण आले की मुकाट्याने जुन्या पंगतीत जाऊन बसे, त्यामुळे हातातला फोन नवा कोरा असूनही स्पीकर जुनेच गाणे गाई. २०१६ मध्ये संभाषणेही चौथ्या पिढीवरच चालवणारी जिओची सेवा आली, आणि इतरांनीही तोच मार्ग धरल्यावर शहरातली घरघर हळूहळू विरत गेली.

पूर्ण विरली मात्र नाही. जुन्या पद्धतीचे मनोरे अद्याप उभे आहेत आणि बटणांचे साधे फोन त्यांच्या आधारावर चालत आहेत. अशा घरात रात्री ओट्यावर रेडिओ लागलेला असतो, फोन त्याच्याच शेजारी भारित होत पडलेला असतो. मध्येच निवेदकाच्या वाक्यावर ‘टिट्-टिटिट्’ असा तुटक ताल उमटतो, आणि मुंबईहून मुलाचा फोन येतोय हे घंटेच्या आधीच कळून आई हात पुसत उठलेली असते.